उशिरा येणाऱ्यांचं संगीत

मैफलीतली पहिली चीज कुणासाठी असते? गवयाला विचाराल तर तो हात जोडून वर बघेल. जाणकार म्हणेल, गळा तापायला. बेंगळुरूत संसार मांडलेला माणूस मात्र सांगेल की ती सिल्क बोर्डाच्या चौकात अडकलेल्यांसाठी असते. कार्यक्रम साडेसहाचा, घरून निघालो साडेचारला आणि पोचलो तेव्हा तिसरी कृती रंगात आलेली. पहिली कोणती झाली हे शेजारच्या खुर्चीला विचारावं, तर ती खुर्चीही आत्ताच भरलेली. पहिली चीज रचणाऱ्यानेही ही माणसं धरूनच चालायचं असतं. सगळे बसेपर्यंत काहीतरी वाजत राहिलं पाहिजे, आणि ते चुकलं तर कुणाचं नुकसान होता कामा नये.

कर्नाटक संगीताच्या कचेरीत (मैफलीला तिकडे कचेरीच म्हणतात, फक्त ती वेळेवर सुरू होते) हा मान वर्णमचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अरियाकुडी रामानुज अय्यंगार यांनी कचेरीचा जो क्रम रुळवला त्यात आरंभी वर्णम, आणि आजही बहुतेक जण तीच वाट धरतात. रामनवमीच्या दिवसांत चामराजपेटेत फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर श्रीरामसेवा मंडळीचा मांडव पडतो. 1939 पासूनचा हा रिवाज. तिथे मागच्या रांगेत बसून मी वर्णम या प्रकाराचा बराच अभ्यास केला आहे, म्हणजे वर्णम चालू असताना माणसं काय करतात याचा. पिशवीतून शाल काढतात. पुढच्या रांगेतल्या व्याह्यांना खूण करतात. मुलीला कॉफीसाठी पिटाळतात. मंचावर गाणारी बाई मात्र आधी संथ लयीत आणि मग तेच स्वर दुप्पट वेगात, एक कणही न सांडता, म्हणून दाखवत असते. लहानपणापासून शेकडो वेळा घोटलेली रचना ती अशा माणसांना ऐकवते, ज्यांच्यापैकी निम्मी रुमाल टाकून जागा धरत आहेत.

आपल्याकडे संगीत नाटकात नांदीचं हेच व्हायचं. पडद्यामागून धूप यायचा, सगळी नटमंडळी हात जोडून उभी राहायची, आणि प्रेक्षागृहात कुणाचं तरी पोर ‘मला दिसत नाही’ म्हणून रडायचं. युरोपात हेच काम ओव्हर्चरचं. ऑपेराचा पडदा वर जायच्या आधी वाद्यवृंद जे दहाबारा मिनिटं वाजवतो ते. रोसिनीला आपल्या श्रोत्यांविषयी फारसा भ्रम नसावा. 1816 सालच्या ‘बार्बर ऑफ सेव्हिल’साठी त्याने नवी सुरुवात लिहिलीच नाही; आधी दोन ऑपेरांना लावून झालेली तीच तिसऱ्याला जोडली. आधीच्या दोन गंभीर, ही धमाल विनोदी, पण कुणी हरकत घेतल्याचं दिसत नाही. ज्यांनी घ्यायची ते बहुधा अजून कोट काढून ठेवत होते.

गंमत अशी की पुढे काळाने या श्रोत्यांवर सूड उगवला. रोसिनीचा ‘विल्यम टेल’ हा 1829 सालचा ऑपेरा चार तासांच्या घरात जातो, म्हणून क्वचितच कुणी तो रंगभूमीवर आणण्याच्या भानगडीत पडतं. त्याच्या ओव्हर्चरचा शेवटचा घोडदौडीचा तुकडा मात्र जगातल्या प्रत्येक पोराला पाठ आहे, कार्टूनमधून का होईना. सुपेची ‘लाइट कॅव्हलरी’ नावाची संगीतिका कुणी पाहिली आहे? तिचं ओव्हर्चर मात्र बॅंडवाल्यांनी गावोगाव नेलं. घर पडलं आणि ओटा तेवढा राहिला, तसं हे झालं.

आणि त्या ओट्यावर येऊन बसली रॉकवाली मंडळी. डीप पर्पलने 1968 सालच्या आपल्या दुसऱ्या अल्बममध्ये बीथोव्हेनच्या सातव्या सिंफनीशेजारी चायकोव्हस्कीच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ ओव्हर्चरचे सूर घुसवले. माइक ओल्डफील्डने ‘विल्यम टेल’चं ओव्हर्चर आपल्या गिटारींवर दौडवलं. कॅनडाच्या रश या बॅंडने 1976 मध्ये ‘2112’ नावाची लांबलचक रचना केली. तिच्या पहिल्या भागाचं नावच ‘ओव्हर्चर’, आणि त्यात मधूनच चायकोव्हस्कीचं ‘1812’ डोकावून जातं. हे सगळे दौलतीवर टपलेले दरोडेखोर होते अशी एक ओरड तेव्हा झाली. मला ते पटत नाही. ‘1812’मध्ये वाद्यवृंदाच्या जोडीला खऱ्या तोफा लिहिलेल्या आहेत. हे फार मोठ्याने वाजणारं प्रकरण होणार आणि त्यात कलेचा अंश बेताचाच असणार, असं खुद्द चायकोव्हस्कीने पत्रात लिहून ठेवलं होतं. तोफा मागणाऱ्या माणसाला इलेक्ट्रिक गिटार दाखवली असती तर त्याने ती नको म्हटली असती का?

बेंगळुरूत या प्रकाराला वर्णमच सापडावं हे रास्तच. इथल्या अगम या बॅंडचा पहिला अल्बम, ‘द इनर सेल्फ अवेकन्स’, 2012 साली आला. त्यात ‘ब्रह्माज् डान्स’ म्हणून जे आहे ते म्हणजे ‘विरिबोणी’ हे भैरवीतलं थोरलं वर्णम. ड्रम, बास, की-बोर्ड, गिटार, आणि हरीश शिवरामकृष्णन यांचा कर्नाटकी तालमीतला गळा. हा सगळा संच दिवसा नोकऱ्या करून रात्री वाजवणाऱ्यांचा. या गावात तेही रीतीला धरूनच आहे.

मला हे सगळं कळलं ते भाच्यामुळे. तो बेळ्ळंदूरकडे कुठेशी कोड लिहितो, आमच्याकडे राहतो आणि शनिवारी गिटार वाजवतो. आमच्या खालच्या मजल्यावर एक अय्यंगार मामी राहतात. त्या शनिवारीच मुलांना गाणं शिकवतात. (भाच्याला त्यामुळे एका जिन्यावर दोन मामी झाल्या. खालच्या मामींना फिल्टर कॉफी जमते आणि वरच्यांना जमत नाही, हे तो दोघींनाही सांगत असतो.) अशाच एका शनिवारी खाली पोरांचं ‘निन्नुकोरी’ चाललं असताना वर याने ‘ब्रह्माज् डान्स’ लावलं आणि त्याच्याबरोबर स्वतःही सुरू झाला. खालचं गाणं थांबलं. जिन्यावर पावलं वाजली. मी घाईघाईने वर्तमानपत्र उघडलं.

मामींनी दारात उभं राहून सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाल्या, “सार्, हा अर्धी मात्रा खातो.” आणि आत येऊन बसल्या.

त्यानंतरचा तास मी जन्मात विसरणार नाही, आणि त्यातलं मला निम्मंही कळलं नाही. हे वर्णम अट तालात आहे. म्हणजे एक टाळी आणि चार बोटं, पुन्हा एक टाळी आणि चार बोटं, मग टाळी आणि पालथा हात असं दोनदा. पाच, पाच, दोन, दोन, एकूण चौदा. मामींनी ते मांडीवर धरलं. भाचा म्हणाला, “मामी, हे सातसात आहे.” मामी म्हणाल्या, “सातसात कसं, कण्णा? पाच-पाच-दोन-दोन.” तो म्हणाला, बेरीज तीच. त्या म्हणाल्या, पन्नास रुपये आणि पन्नास रुपयांची भाजी यांची बेरीजही तीच. सात मात्रांचं याला अप्रूप आहे, कारण पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ सातात चालतं आणि रॉकवाल्यांत जो चारापलीकडे मोजू शकतो त्याला लोक वचकून असतात. मामींच्या शिष्यांत आठ वर्षांची मुलं पाच-पाच-दोन-दोन मोजत शेंगदाणे खातात. पण भाच्याने ते मनाला लावून घेतलं नाही. त्याने मेट्रोनोम बंद केला आणि मामींच्या मांडीकडे बघत वाजवायला लागला. वर्णमची संथ लय संपून दुप्पट आली तेव्हा दोघांच्याही कपाळावर घाम होता.

मामींचं भांडण गिटारशी नव्हतंच, तिच्या पडद्यांशी होतं. कर्नाटक भैरवीतला गंधार एका जागी उभा राहत नाही, तो झुलतो. निषादाचंही तेच. गिटारच्या पट्टीवर प्रत्येक सुराला घर आखून दिलेलं, तो झुलणार कुठे? भाच्याने तार बोटाने वर ओढून धरली आणि सूर तिरका नेला, ब्लूज वाजवणारे नेतात तसा. मामी म्हणाल्या, अजून. त्याने अजून ओढली. तार तुटली. “हां,” मामी म्हणाल्या, “तिथपर्यंत.”

मी मराठी माणूस, त्यात हिंदुस्थानी संगीतावर वाढलेला, त्यामुळे भैरवी म्हटल्यावर माझा पाय आपोआप चपला शोधू लागतो. आपल्याकडे भैरवी झाली की घरी जायचं. इथे भैरवीने सुरुवात. अर्थात ही भैरवी आपल्या आसावरीच्या शेजारपाजारची, ऋषभ शुद्ध आणि धैवत दोन्ही. आपल्या भैरवीशी तिचं नातं फक्त नावाचं. हे मामींनी मला अनेकदा समजावलं आहे. चपलांना ते अजून समजलेलं नाही.

पुढे मी या वर्णमच्या मुळाशी जायचं ठरवलं आणि ते थेट आपल्याच दारात येऊन उभं राहिलं. 1638 साली विजापूरकरांनी केंपेगौडांकडून बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्यांचे चिरंजीव व्यंकोजी इथेच होते. 1675 च्या सुमाराला ते तंजावरच्या गादीवर जाऊन बसले आणि तिकडून इथला कारभार पाहणं जड जाऊ लागलं, म्हणून त्यांनी बंगळूर विकायला काढलं. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयारांशी बोलणी झाली तीन लाखांची. व्यवहार पुरा होण्याआधी मोगल मध्ये पडले, पण अखेर गाव वडेयारांकडेच गेलं. तीन लाखांत आज इंदिरानगरात दोन खोल्यांचा ‘अ‍ॅडव्हान्स’ निघणार नाही. मराठी माणसाला जागेच्या व्यवहारात कधी यश आलं आहे?

त्याच्या बदल्यात तंजावरात जे झालं ते मात्र तीन लाखांत येण्यासारखं नव्हतं. हे भोसले घरात मराठी बोलत, दप्तर मोडीत ठेवत, नाटकं तेलुगूत आणि मराठीत लिहीत आणि राज्य तमिळ मुलखावर करत. व्यंकोजींचे पुत्र शहाजी नाटककार होते, त्यांचे भाऊ तुळजाजी यांनी ‘संगीतसारामृत’ हा शास्त्रग्रंथ केला. अशा दरबारात अठराव्या शतकात पच्चिमिरियम आदियप्पय्या नावाचे वीणावादक होते, श्यामा शास्त्रींचे गुरू. ‘विरिबोणी’ त्यांचं. घराणं कानडी माध्व, वर्णमची भाषा तेलुगू, गाव तमिळ, आणि मराठी होता तो पगार. शंभर ठिकाणच्या माणसांनी भरलेल्या बेळ्ळंदूरच्या एखाद्या ऑफिसात हे वर्णम गेलं तर त्याला परकं वाटणार नाही.

बाहेरचं वाद्य आत घेण्याची सवयही तंजावरचीच. सरफोजीराजे दुसरे (राज्य 1798 ते 1832) यांनी युरोपीय वाद्यांचा बॅंड पदरी ठेवला होता आणि नृत्याच्या कचेरीसाठी ओळीने मराठी रचनाही केल्या. त्याच काळात मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या भावाने, बालुस्वामींनी, मद्रासच्या किल्ल्यातल्या इंग्रजांकडून व्हायोलिन उचललं. तंजावरच्या वडिवेलूंनी ते हाती धरलं आणि पुढे त्रावणकोरला नेलं. खुद्द दीक्षितरांनी किल्ल्यातल्या बॅंडच्या धुना ऐकून त्यांवर संस्कृत शब्द बसवले. ‘गॉड सेव्ह द किंग’च्या चालीवर ‘सन्ततं पाहि माम्’ हे देवीचं स्तोत्र आजही इथली मुलं म्हणतात. साहेबाच्या राष्ट्रगीतात देवीला बसवून दिलं आणि साहेबाला पत्ता नाही. अशांच्या वंशात गिटार शिरली याचं नवल कशाला करायचं? मामींना मी हे म्हटलं, कारण त्यांच्या कचेरीत साथीला व्हायोलिन असतंच आणि ते परदेशी आहे हे त्यांच्या लक्षातही नसतं. त्या म्हणाल्या, “व्हायोलिन मांडी घालून बसायला शिकलं, सार्. गिटार अजून उभी आहे.”

बिनतोड होतं. पण आवाजाच्या मुद्द्यावर मी हटलो नाही. मल्लेश्वरमच्या वेशीवर व्हायोलिनच्या आकाराचं एक सभागृह आहे, चौडय्या मेमोरियल हॉल, 1980 साली उभं राहिलेलं. छत म्हणजे व्हायोलिनची दर्शनी बाजू, त्यावर घोडी, तारा, खुंट्या, सगळं. एवढं मोठं वाद्य आणि त्याच्या पोटात बसून आपण दुसऱ्याचं गाणं ऐकायचं. ज्यांच्या नावाने ते आहे त्या टी. चौडय्यांनी व्हायोलिनला चाराऐवजी सात तारा लावल्या होत्या. का? तर ध्वनिक्षेपक नव्हते, गायकांचे गळे पहाडी होते, आणि आपलं वाद्य मागच्या खुर्चीपर्यंत पोचत नाही हे त्यांना सोसेना. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची हौस. ती वीज यायच्या आधीपासून माणसाच्या पोटात आहे. तोफा लावणारा चायकोव्हस्की, तारा वाढवणारे चौडय्या आणि शनिवारी सकाळी कळ अकरावर नेणारा आमचा भाचा हे एकाच पंगतीतले, असं मी म्हणालो. मामींनी चौडय्यांचं नाव ऐकून कानाला हात लावला आणि बाकीच्यांकडे दुर्लक्ष केलं.

राजवाड्याच्या मैदानाचीही गोष्ट अशीच. 17 मार्च 2007 ला तिथे आयर्न मेडन गरजले, 30 ऑक्टोबर 2011 ला मेटॅलिका. दरवेळी मेटॅलिका मंचावर येण्याआधी एनिओ मोरिकोनेची एक सिनेमातली धून वाजते; त्यांचं ओव्हर्चरच ते. मैदान वडेयारांच्या बेंगळूर पॅलेसचं. याच घराण्यातले जयचामराजेंद्र वडेयार लंडनच्या फिलहार्मोनिया सोसायटीचे आश्रयदाते होते. रिचर्ड स्ट्राउसची शेवटची चार गीतं 22 मे 1950 रोजी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पहिल्यांदा गायली गेली, त्या कार्यक्रमाच्या खर्चाची हमी त्यांनी घेतली होती. हे महाराज स्वतः कर्नाटक संगीतातल्या कृतीही रचत, चौऱ्याण्णव केल्या. एका माणसाला दोन्ही कान असू शकतात याचा एवढा सज्जड पुरावा घरच्या घरी असताना, या शहरात ‘शुद्ध की भेसळ’ यावर वाद कसे रंगतात ते मला कळत नाही. रंगतात मात्र जोरात.

भेसळ असते हे खरं. कृतीखाली ड्रम सरकवला की झालं रॉक, असं समजणारे बॅंड इथे पैशाला पासरी आहेत. चौदाचा ताल चाराच्या खोक्यात कोंबायचा, आलापाच्या जागी गिटार किंचाळवायची, आणि शेवटी डोळे मिटायचे. ते ऐकवत नाही. याउलट इथल्याच टी. ए. एस. मणी यांच्या कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशनने आर. ए. रामामणींच्या गळ्यासह चार्ली मारियानो या सॅक्सोफोनवाल्याबरोबर 1983 साली ‘ज्योती’ नावाची तबकडी केली. तिच्यात कुणीच कुणाच्या अंगावर धावून जात नाही. ताल ऐकलेला असला की एवढं पुरतं, असं माझं अडाणी मत आहे. अगमच्या बाबतीत मामींचं मत माझ्याहून कडक. त्या म्हणतात, “गळा बरा आहे, घाई फार.”

तरी त्यांनी माझ्याकडून त्या अल्बममधलं ‘स्वान्स ऑफ सरस्वती’ मागून घेतलं. ते म्हणजे त्यागराजांची हंसनादातली ‘बंटुरीती कोलु’. ‘बंटु’ म्हणजे पदरचा शिपाई. मला तुझ्या चाकरीत शिपाई म्हणून ठेव, अशी रामाला विनंती. थोडक्यात, नोकरीचा अर्ज, आणि त्यात आपली पात्रताही दिलेली आहे: रोमांच हे माझं चिलखत, नाम ही माझी तलवार. आख्यायिका अशी की याच त्यागराजांनी आमच्या सरफोजीराजांच्या दरबाराचं बोलावणं परत पाठवलं होतं. मराठी राजाची नोकरी नको, रामाकडे अर्ज. दिवसभर संगणकापुढे बसणारी पोरं रात्री हा अर्ज एवढ्या जीव तोडून म्हणतात, त्याचं कारण मला समजतं. त्यांच्या हापिसातली माणसंही दर दीड वर्षाने दुसरीकडे अर्ज टाकतातच. मामींना मात्र हे आवडलं नाही. त्या म्हणाल्या की तिथे पगारवाढ मागितलेली नाही.

मध्यंतरी भाच्याने विचारलं, “मामा, आपल्या मराठीत असं सुरुवातीचं काय आहे? वाजवण्यासारखं?” मी म्हटलं, नांदी. ‘संगीत शाकुंतला’ची, 1880 सालची. म्हणून दाखव म्हणाला. माझा आवाज मी सहसा बाहेर काढत नाही, पण घरात कुणी नव्हतं. खिडकी मात्र उघडी राहिली होती. मी दुसऱ्या ओळीवर असताना त्याला सूर सापडले, तिसरीला त्याने विकृत घरघरीचं बटण दाबलं, आणि किर्लोस्करांची नांदी आमच्या दिवाणखान्यात ट्रकसारखी शिरली. मला वाईट वाटायला हवं होतं. मी आवाज चढवला.

फोन वाजला. मामी. मला वाटलं, झालं. त्या म्हणाल्या, “सार्, हे काय गाताय?” मी सांगितलं, आमची नांदी आहे, नाटकाची. मामी थोडा वेळ गप्प. मग ठामपणे म्हणाल्या, “तुमची नाही. चाल आमच्याकडची आहे. तुमच्या माणसांनी नेली.”

आता अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले बेळगावाकडच्या गुर्लहोसूरला. आपल्या पदांना त्यांनी कर्नाटकी चाली लावल्या हेही जगजाहीर. शिवाय तंजावरमार्फत आपण व्हायोलिनपासून वर्णमपर्यंत काय काय देऊन बसलो आहोत याचा हिशेब मामींपुढे मांडायचा म्हणजे संध्याकाळ गेली असती. मी म्हटलं, “असेल, मामी.” तर त्या म्हणाल्या, मग ताल तरी नीट धरायला सांगा त्याला, मी वर येते.

भाच्याने गिटार खाली ठेवली, सतरंजी अंथरली आणि मांडी घालून बसला.